सुनेचं झाड

पहिलं पान पडलं तेव्हा मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते. पुढच्या खोलीत टाइल्सवर काहीतरी टपकन पडलं. पाल असेल म्हणून केरसुणी घेऊन गेले, तर पान. सुनेच्या रबराच्या झाडाचं, तळहाताहून मोठं, जाड, पिवळं पडलेलं. उचललं, मागून पुढून पाहिलं आणि कुणी बघायच्या आत केराच्या टोपलीत तळाशी सारलं. घरात बघणारं तरी कोण होतं? मी आणि हे. आणि हे तर तेव्हा बागेत माडांपाशी होते. तरी मी ते लपवलं, यावरून माझा स्वभाव लक्षात यावा. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते माझ्यासारख्या कुणाला बघूनच कोणीतरी म्हटलं असणार.

झाड आमच्याकडे कसं आलं ते सांगते. आमची सून पुण्याची. मुलगा तिकडे नोकरीला होता, तिथेच दोघांचं जमलं. लग्नानंतर दोघांनाही घरातून काम करायची मुभा मिळाली आणि एक दिवस मुलगा फोनवर म्हणाला, "आये, आमी थंयच येवन रवतंव." आमचं घर मसुऱ्याच्या अलीकडे, खाडीला लागून. मला आनंद झाला आणि त्याच मिनिटाला धास्तीही बसली, की पुण्याची मुलगी इथे टिकणार किती दिवस? आमच्या भावकीतल्या मुंबईकर सुना गणपतीला येतात आणि गणपतीबरोबरच जातात.

ही आली ती मांडीवर कुंडी घेऊन. मागच्या सीटवर कपडे, कॉम्प्युटर, उशा, आणि पुढे ही झाड सांभाळत बसलेली. उतरल्या उतरल्या म्हणाली, "आई, हे घरात उजेडाजवळ ठेवायचं असतं." मला हसू आलं. आमच्याकडे झाडं अंगणात असतात, परसात असतात, विहिरीच्या भिंतीतून आपली आपण उगवतात. घरात झाड ठेवून त्याची पानं ओल्या फडक्याने पुसायची हे मी शाळेत इतकी वर्षं शिकवूनही कुठे वाचलं नव्हतं. पण मागाहून कळलं की ते झाड तिच्या वडिलांचं. त्यांनी ऑफिसातल्या मोठ्या झाडाची फांदी आणून घरी रुजवली होती. ही कॉलेजात असताना ते गेले. त्यांच्या वस्तूंमधलं तिने हेच मागून घेतलं होतं. त्यानंतर मी कधी हसले नाही.

ती टिकली. भाकरी शिकली, तिरफळ घातलेली बांगड्याची कढी आवडीने जेवायला लागली, आमचं बोलणंही उचललं. "आई, बाबा खंय गेले?" असं विचारायची आणि वाडीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. तिसऱ्या वर्षी शिमग्याच्या सुमाराला दिवस राहिले. दसरा झाल्यावर आम्ही डोहाळजेवण केलं आणि ती माहेरी गेली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच, तिथे मी काही बोलण्याचा प्रश्न नव्हता. मुलगाही तिच्याबरोबर गेला. सामानाने गाडी भरली होती, झाडाला जागा नव्हती. निघताना तिने एकेक पान पुसलं आणि म्हणाली, "आई, एवढं सांभाळा. जत्रेच्या आत मी येतेच."

जत्रा म्हणजे आंगणेवाडीची. तिची तारीख कॅलेंडरात छापलेली नसते. देवीचा कौल होईल तेव्हा ठरते, कधी लवकर, कधी उशिरा. माझ्यासारख्या बाईला असला वायदा देणं म्हणजे छळच. पण मी झाडाकडे बघून मनाची समजूत घालत होते. वडिलांचं झाड ती इथे ठेवून गेली आहे, म्हणजे ती येणार. जिथे परत यायचं नाही तिथे कोणी अशी वस्तू ठेवत नाही. मुलगा हल्ली फोनवर "ऑफिसवाले बोलावतायत", "इकडे डॉक्टर जवळ आहेत" असं काहीबाही बोलायला लागला होता. विहीणबाई एकदा म्हणाल्या, "इथे सगळं हाताशी आहे हो." मी "हो ना" म्हटलं आणि खिडकीतल्या झाडाकडे पाहिलं. ते होतं तोवर मला बरं वाटत होतं.

म्हणून पहिलं पान मी केरात लपवलं. पण मग दुसरं पडलं, आणि पुढच्या आठवड्यात रोजच एखादं पडायला लागलं. आधी पानाची कड करपायची, मग पिवळेपणा आत सरकायचा, आणि एके सकाळी देठापासून सुटून पान खाली. आवाज तोच. मी देवपूजा करत असले तरी मला तो ऐकू यायचा. हे जेवताना म्हणाले, "झाड तां. पानां पडतलीच. माडाची झावळां पडनत नाय?"

"माडाची झावळां आनी ह्या सारख्याच काय?" मी म्हटलं. त्यांनी आमटी ओरपली आणि विषय संपवला. आमच्या ह्यांचं असंच. माडांशी तासन् तास बोलतील, माणसांशी दोन शब्द.

सून रोज संध्याकाळी फोन करायची, तोही तोंड दिसणारा. "झाड बरा आसा मा?" तिचा ठरलेला पहिला प्रश्न. तिच्या तोंडून ते मालवणी ऐकलं की एरवी मला मायेने भरून यायचं, आता फोन वाजूच नये असं वाटायला लागलं. मी फोन असा धरायचे की वरची चार हिरवी पानं तेवढी दिसावीत. "जरा खालून दाखवा ना," ती म्हणाली की मी म्हणायचे, "रेंज जातेय गो," आणि फोन बंद करायचे. आमच्या गावातल्या रेंजला आम्ही इतकी वर्षं शिव्या घालत आलो, पहिल्यांदाच ती कामाला आली. सातवा-आठवा महिना, त्यात वडिलांचं झाड वाळतंय हे तिला कळलं तर काय होईल, हे मी स्वतःला सांगत होते. ते खरंच होतं. पण त्याहून खरं हे, की झाड मेलं तर तिला इथे परत यायला काय कारण उरेल, याची मला भीती वाटत होती.

पाणी जास्त होतंय म्हणून मी पाणी तोडलं. मग कमी पडलं असेल म्हणून घातलं. खिडकी बदलली, परत होती तिथे आणली. फोनवर बागकामाचे व्हिडिओ बघितले. एक बाई सांगते ऊन द्या, दुसरा मनुष्य सांगतो ऊन मुळीच नको, तिसरा सांगतो ताक घाला. सगळे उंटावरचे शहाणे. हे म्हणाले, "कुडाळाक नर्सरीत असलीच झाडां गावतत. येक हाडूया. तिका काय कळतला?" "तिच्या बापाशीचा झाड आसा ता," मी म्हटलं. नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं तेवढं बाकी होतं, आणि खरं सांगते, एका सोमवारी देवळात उभी असताना मी मनातल्या मनात तेही घातलं.

आमच्या कुंपणाला लागून माझी शेजारीण राहते. ख्रिस्ती. आम्ही दोघी एकाच शाळेत शिकवायला होतो, अजूनही एकमेकींना 'बाई' म्हणतो. माझ्या तोंडाकडे बघून तिने ओळखलं. झाड पाहिलं आणि म्हणाली, "मासळेचा पाणी घाल गो बाई. माज्या कडीपत्त्याक बघ कसो माजलो." मी नको नको म्हणेपर्यंत तिने मासे धुतलेल्या पाण्याचा तांब्या आणून कुंडीत ओतलासुद्धा. झाडाला काही फरक पडला नाही. वाडीतली मांजरं मात्र खिडकीतून आत उड्या मारून कुंडीभोवती बसायला लागली. मी दिवसभर त्यांना हाकलत होते आणि पानं वेचत होते.

शेवटी तिनेच निदान केलं की हे नजरेचं काम आहे. "येता जाता सगळे बघतत. पोटुशी बायचा झाड ता. दिश्ट लागली." तिच्या आईकडून आलेली दृष्ट काढायची रीत तिला पाठ आहे, गोव्याकडच्या त्यांच्या नातेवाइकांतही ती चालते. दिवेलागणीच्या सुमाराला ती एका मुठीत खडे मीठ आणि दुसऱ्या मुठीत सुक्या मिरच्या घेऊन आली. मी शिकलेली बाई, पण त्या वेळी मला कुणी खाडीत उडी मार म्हटलं असतं तरी मी काठापर्यंत गेले असते. मी बाजूला सरकून तिला जागा दिली. तिने मीठ धरलेली मूठ झाडावरून फिरवायला सुरुवात केली आणि तेवढ्यात हे हातपाय धुऊन आत आले.

"आता आनी मीठ कित्याक?" ह्यांनी पंच्याने तोंड पुसत विचारलं. "मिया घातलंय मागेच."

शेजारणीचा हात तिथेच थांबला. "कोणाक घातलात?" मी विचारलं.

"ह्या झाडाक. माडांची आळी खणलंय तेव्हा. मूठभर घातलंय. मगे पानां पडाक लागली म्हणान आनी एक मूठ."

आमच्या किनाऱ्यावर हे लहान मुलालाही माहीत असतं. पाऊस उतरला की माडाच्या बुंध्याभोवती आळं खणायचं, त्यात शेणखत आणि मीठ घालायचं. माडाला मीठ मानवतं. ह्यांच्या वडिलांनी घातलं, आजोबांनी घातलं, हेही दरवर्षी घालतात आणि नारळांनी झावळ्या वाकतात. त्या दिवशी माडांचं आटोपून हे उरलेलं मीठ घेऊन घरात आले आणि सुनेच्या कुंडीतही घातलं. वर माती सारखी केली. मला सांगायचं त्यांना कारणच वाटलं नव्हतं. मग पानं गळायला लागली, तेव्हा बिचाऱ्यांना वाटलं झाडाला कमी पडतंय, म्हणून आणखी दिलं. मी पाण्याचा हिशेब करत बसले, शेजारीण नजर काढत बसली. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, दुसरं काय.

मी कुंडीतली चिमूटभर माती जिभेला लावली. खारट. मग मी ह्यांच्यावर ओरडले. संसारात इतकी कधी ओरडले नव्हते. "माड आसा काय हो? घरात नारळ लागतले काय?" असं काय काय बोलले ते आता आठवत नाही. शेजारीण मीठ मुठीत तसंच घेऊन हळूच निघून गेली. हे उभेच होते. माझं बोलून संपल्यावर म्हणाले, "ती नाय हय. तिच्या मागे त्येका कोन घालतलो? उपाशी ऱ्हवात असा वाटला माका." एवढं बोलून ते कुंडी उचलायला वाकले. तोवर मला वाटत होतं की सुनेची काळजी घरात मला एकटीलाच आहे.

कुंडी आम्ही दोघांनी धरून विहिरीवर नेली. पंप सुरू करून पाइप कुंडीत सोडला. भोकातून गढूळ पाणी वाहायला लागलं. ह्यांनी खाली ओंजळ धरली, त्यातलं थोडं तोंडात घेतलं, थुंकले आणि म्हणाले, "खारा आसा." परत पाणी, परत ओंजळ. "अजून खारा." अंधार पडला, डास चावायला लागले, तरी ते उकिडवे बसून चव घेत होते. मी पाइप धरून उभी होते आणि माझा राग केव्हा उतरला ते मला कळलं नाही. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "आता गोडा इला." मग आम्ही ते झाड रात्रभर निथळत ठेवलं.

सकाळी ते कुंडीतून काढलं तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. निम्मी मुळं तपकिरी, बुळबुळीत. धरली की हातात यायची. मधे मधे थोडी पांढरी. ह्यांनी कोयतीने कुजकी मुळं कापून टाकली. खाडीकडची माती नको म्हणून ते स्वतः डोंगराच्या बाजूला जाऊन तांबडी माती घेऊन आले. त्यात काथ्याचा भुसा कालवला. शेणखताची टोपली त्यांनी उचलली तशी मी टोपलीवर हातच ठेवला. "काय्येक नको. नुसती माती." त्यांनी निमूटपणे टोपली खाली ठेवली. झाड परत कुंडीत बसलं तेव्हा एक काठी आणि शेंड्याला मोजकी पानं, एवढंच उरलं होतं.

पुढचे दिवस काही घडत नव्हतं आणि तेच मला सोसवत नव्हतं. उठल्याबरोबर मी झाड बघायचे. मातीत बोट घालून ओल बघायचे. हे चहाचा कप घेऊन झाडाशेजारी बसायला लागले होते, एरवी पायरीवर बसणारे. एकदा असेच बसलेले असताना म्हणाले, "येतली गो ती." मी म्हटलं, "झाडाचा बोला." पण ते बोलले म्हणजे त्यांच्याही मनात तेच होतं, हे कळून मला आधार वाटायच्या ऐवजी जास्तच भीती वाटली. फोनवर मी अजून शेंडाच दाखवत होते. तीही हल्ली फार खोलात जात नव्हती. "झाड बरा आसा मा?" विचारायची, मी "बरा आसा" म्हणायचे. डॉक्टर काय म्हणाले, पाय सुजतात का, एवढं बोलून झालं की फोन ठेवायचो. परत कधी येणार हे मी विचारत नव्हते. विचारलं आणि उत्तर आलं तर?

आणि एके सकाळी ह्यांनी हाक मारली, "गो, हय ये बगूया." आवाज असा की मला वाटलं घरात साप निघाला. धावत गेले तर ते झाडापाशी वाकलेले. शेंड्याला मिरचीसारखं लाल, टोकदार काहीतरी वर आलं होतं. कोंब. आम्ही दोघं म्हातारी माणसं त्या कोंबाकडे बघत उभी राहिलो. माझे डोळे भरून आले. पुढे ते लाल आवरण सुटून आतलं कोवळं पान उलगडलं, मग त्याच्या पोटातून दुसरा कोंब. खाली जिथे नुसती काठी होती तिथेही एक डोळा फुगला. त्याच सुमाराला पुण्याहून फोन आला, नात झाली. मी साखर वाटली, शेजारणीने केक केला, ह्यांनी माडांना जाऊन सांगितलं असणार. त्या दिवसांत मला खरोखर वाटलं की आता सगळं जागच्या जागी येणार.

बारशाला चार दिवस असताना तिचा फोन आला. या वेळी तोंड दिसणारा नव्हता, साधाच. मी आधी माझी बातमी सांगितली, की जत्रेची तारीख ठरली. "अरे वा," ती म्हणाली. मग शुद्ध मराठीत, हलक्या आवाजात म्हणाली, "आई, येताना झाड घेऊन याल का? गाडीत मावेल ना?"

"मावेल की," मी म्हटलं. त्यानंतर ती बाळाच्या झोपेबद्दल, तिच्या दुधाबद्दल बरंच बोलली. मी हूं हूं करत होते. फोन ठेवला तेव्हा ह्यांनी विचारलं, "काय म्हनता?"

"झाड घेवन येवा म्हनता."

ते पडवीत जाऊन कुंडीला गुंडाळायला गोणपाट शोधू लागले. त्यांनाही कळलं होतं.

त्या दिवशी दुपारी मी झाडासमोर बसले असताना मनात जे आलं ते लिहायला लाज वाटते, पण आलं. स्वयंपाकघरात मीठ आहे. एक मूठ, फार नाही. झाड एवढं आजारी पडेल की घाटातून नेता येणार नाही. ते इथे राहील आणि त्याच्यासाठी तिला यावं लागेल. मी ताडकन उठले आणि मिठाची बरणी माझ्यापासूनच लपवावी तशी वरच्या फळीवर ठेवली. ज्या झाडासाठी अन्न गोड लागत नव्हतं, ते जगलं म्हणून मला वाईट वाटत होतं. मी स्वतःलाच घाबरले. ती त्याला जीव लावून होती म्हणून मी त्याला जपलं, आणि आता ती ते मागत होती. न्यायचं तर होतंच.

फोंडा घाटातून आम्ही गेलो. गावातल्याच एकाची गाडी केली होती. कुंडी माझ्या पायांत, वर गोणपाट, आणि प्रत्येक वळणाला माझे दोन्ही हात झाडाभोवती. "सावकाश हाकव रे," मी ड्रायव्हरला इतक्यांदा सांगितलं की शेवटी ह्यांनीच मला गप्प केलं. एकही पान पडलं नाही. मला मनातून एखादं पडायला हवं होतं की नको होतं, ते माझं मलाच सांगता येत नव्हतं.

बारसं छान झालं. विहीणबाईंनी कौतुकाने सगळं केलं, पाळणा सजवला, घुगऱ्या वाटल्या. नातीचं नाक आमच्या घरचं आहे यावर दोन्हीकडचं एकमत झालं. पाहुणे गेल्यावर सून झाडाजवळ आली. गोणपाट काढला, पानं चाचपली, खालची उघडी काठी पाहिली. "आई, हे असं नव्हतं. खालची पानं कुठे गेली?" मग मी सगळं सांगितलं. मीठ, मांजरं, नजर, विहीर, ह्यांच्या ओंजळी. ती इतकी हसली की पोट धरून खाली बसली, आणि मग हसता हसता रडायला लागली. "बाबांनी चाखून बघितलं?" असं दोनदा विचारलं. "तुम्ही मला एकदाही सांगितलं नाहीत."

"तू तरी कुठे सांगितलंस?" माझ्या तोंडून गेलं. गेलं ते गेलं. आयुष्यभर मी वळसे घालून बोलत आले, त्या वेळी मात्र सरळ विचारलं. "तू परत येणार आहेस का गो?"

ती उठून, पाळण्यातल्या बाळाला घेऊन उभी राहिली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. "नाही, आई," ती म्हणाली. "आत्ता तरी नाही. दोघांनाही ऑफिसात बोलावलंय, आणि हिला सांभाळायला इथे माझी आई... मला सांगायचं होतं. रोज फोन लावताना ठरवायचे की आज सांगते. आणि तुम्ही फोन उचलला की झाडाचंच विचारलं जायचं."

मला वाटलं होतं तसं मी रडले नाही. आतून काहीतरी खाली बसलं. रोज संध्याकाळी ती तिकडून झाडाचं विचारत होती आणि मी इकडून झाडाचं उत्तर देत होते. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. बाळंतिणीला उभं करून काय विचारत बसायचं? मग मी बघितलं की आणल्यापासून झाड बाल्कनीच्या दारातच आहे, जिथे वारा सरळ आत येतो.

"तिथे नको ठेवू," मी म्हटलं. "वाऱ्याने पानं गाळेल. त्या भिंतीकडे सरकव."

कुंडी सरकवायला दोन्ही हात लागतात. तिने बाळ माझ्याकडे दिलं. नात झोपेतच होती, तिने माझ्या लुगड्याचा काठ मुठीत धरला. सून वाकून कुंडी ओढू लागली आणि मी उभ्या उभ्या तिला सांगत राहिले, आणखी थोडं डावीकडे, नाही, एवढं नको, परत उजवीकडे घे, आता जरा पुढे. कुंडी बरोबर जागी केव्हाच बसली होती. मी सांगतच राहिले आणि तीही, काही न बोलता, सरकवत राहिली.